मा. शाखा व्यवस्थापक यांस, पिवळ्या लेबलाविषयी

प्रति,
मा. शाखा व्यवस्थापक,
इलेक्ट्रॉनिक्सचे एक भव्य दुकान (नाव मुद्दाम गाळले आहे),
रिटेल पार्क, उत्तर लंडन.

विषय : लेबलावर १२९ पौंड ९७ पेन्स असलेला प्रोसेसर काउंटरवर १६४ पौंड ९९ पेन्सचा करून दाखवल्याबद्दल अभिनंदन.

संदर्भ : आपल्या शाखेतील काचेचे कपाट, डावीकडून दुसरे.

महोदय,

काचेच्या कपाटापासून काउंटरपर्यंत जाईतो एखाद्या वस्तूचा भाव पस्तीस पौंडांनी चढावा, हे महागाईत वाढलेल्या मराठी माणसालाही नवीन आहे. वाटेत ना जकातनाका लागला, ना दलाल भेटला. लागले ते फक्त प्रिंटरच्या शाईचे आणि वॉशिंग मशिनचे विभाग. तरीही भाव चढला. या कर्तबगारीची दखल कुणीतरी घ्यायला हवी, म्हणून हे पत्र.

अर्जदार हा उत्तर लंडनमधला एक नोकरदार मराठी गृहस्थ. गणपतीत डॉलिस हिलच्या महाराष्ट्र मंडळात आरतीला उभा राहणारा आणि एरवी विजेच्या बिलाकडे बारीक नजर ठेवणारा. मुलीचा कॉम्प्युटर मंदावला होता. नवा घ्यायचा तर मदरबोर्डही नवा आणि डीडीआर५ रॅमही नवी, आणि २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव असे भडकले की डेटा सेंटरवाल्यांनी बाजार धुऊन नेल्यावर उरलेले सामान्य माणसाने सोन्यासारखे तोळ्यावर घ्यावे. अशा वेळी एएमडीचे जुने एएम४ सॉकेट म्हणजे मध्यमवर्गाला मिळालेले वरदानच. २०१८ चा बी४५० मदरबोर्ड तोच ठेवायचा, बायोस अद्ययावत करायचे आणि जुना प्रोसेसर काढून त्या जागी रायझन ७ ५७००एक्स बसवायचा. आठ कोअर, ६५ वॉट. एप्रिल २०२२ मध्ये २९९ डॉलरला बाजारात आलेला हा प्रोसेसर पुढे बराच स्वस्त झाला. बोर्ड तोच, रॅम तीच, डबा तोच, आणि कॉम्प्युटर मात्र नव्यासारखा पळतो. जुन्या साडीची गोधडी शिवणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाला यापरता आनंद नाही.

त्यामुळे सवलतीचा प्रोसेसर शोधत दुकाने पालथी घालणाऱ्यांना आपण चिंधीचोर समजू नये. हे जाणकार लोक आहेत. पिढी बदलली की आधीच्या पिढीचा माल कपाटात अडकतो आणि तो संपवायचा असतो, हे त्यांना ठाऊक असते. ९७ पेन्सवर संपणारी किंमत म्हणजे दुकानाला माल काढून टाकायचा आहे, असा त्यांच्यात एक पक्का समजही आहे. आपल्या लेबलावर नेमके तेच आकडे होते, महोदय. १२९ पौंड ९७. अर्जदाराच्या छातीत धडधडले.

लेबलाचे वर्णन येथे नोंदवून ठेवणे इष्ट. रंग पिवळा. वर आडवी रेघ मारलेली जुनी किंमत, १८९ पौंड ९९. खाली नवी, ठसठशीत, डोळ्यांत भरेल अशी. उजव्या कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत छापल्याची तारीख. मागे खोका. खोक्याच्या बाजूला प्लास्टिकची छोटी खिडकी आणि तिच्यातून दिसणारा प्रोसेसरचा चकचकीत धातूचा चेहरा. कपाटाला कुलूप. किल्ली कुणाकडे आहे, हे कुणालाच माहीत नव्हते. पण ती तक्रार नाही. किल्ली सापडली.

काउंटरवरच्या मुलाने बारकोड वाचला आणि पडद्यावर १६४ पौंड ९९ उमटले. "लेबल जुनं आहे, काढायचं राहिलं असेल," तो म्हणाला. अर्जदाराने त्याला कपाटापर्यंत नेले आणि लेबल दाखवले. त्याने लेबल पाहिले, अर्जदाराकडे पाहिले आणि आपल्याला बोलावले. आपण आलात, कानातले यंत्र सावरलेत आणि अत्यंत सौजन्याने म्हणालात की लेबलावरची किंमत दुकानावर बंधनकारक नसते, कायदाच तसा आहे. मग आपण लेबल काढलेत, घडी घातलीत आणि खिशात टाकलेत. एवढ्या शांतपणे तर पुरावासुद्धा कुणी नष्ट करत नाही!

महोदय, कायद्याचे आपण बोललात ते खरे आहे. म्हणूनच ते जास्त झोंबले.

ज्या निकालाच्या आधाराने आपण उभे होतात तो १९५३ चा. प्रकरण बूट्सच्या औषधदुकानाचे, आणि दुकान होते एजवेअरजवळच्या बर्न्ट ओकमध्ये. तेथे स्वयंसेवा पद्धत नवी नवी सुरू झाली होती. प्रश्न औषधाच्या भावाचा नव्हताच. विक्री फार्मासिस्टच्या देखरेखीखाली होते की नाही, एवढाच वाद होता. न्यायालयाने ठरवले की फळीवर माल मांडणे म्हणजे विकायला कबूल होणे नव्हे. गिऱ्हाईक माल घेऊन काउंटरवर येते तेव्हा तेच खरेदीचा प्रस्ताव मांडते आणि दुकान तो स्वीकारते किंवा नाकारते. पुढे १९५९ मध्ये ब्रिस्टलच्या एका दुकानदाराने काचेत चार शिलिंगची चिठ्ठी लावून झटक्याने उघडणारा चाकू मांडला होता. असा चाकू विकायला काढणे हा गुन्हा होता. तरी तो सुटला, कारण काचेत मांडणे म्हणजे विकायला काढणे नव्हे. कायद्याच्या पहिल्या वर्षाला शिकवले जाणारे हे दोन निकाल. एक औषधाच्या बाटलीचा, एक चाकूचा. त्यांच्या आडोशाला आज प्रत्येक दुकानातले प्रत्येक शिळे लेबल निवांत बसलेले असते.

पण कायद्याचे दुसरे पानही असते, ते आपण उलटले नाहीत. करार झाला नाही म्हणून खोटी किंमत लावण्याची मोकळीक मिळत नाही. ग्राहकाची दिशाभूल करणारी किंमत दाखवणे हा या देशात वेगळा अपराध आहे, आणि ६ एप्रिल २०२५ पासून तर नव्या कायद्याने स्पर्धा व बाजार प्राधिकरणाला थेट दंड करण्याचा अधिकार मिळाला आहे. जगभरच्या उलाढालीच्या दहा टक्क्यांपर्यंत. अर्थात एका शाखेतल्या पस्तीस पौंडांसाठी ते प्राधिकरण रिटेल पार्कात येणार नाही, हे आपल्यालाही कळते आणि अर्जदारालाही.

आता त्या रेघ मारलेल्या १८९ पौंड ९९ कडे येऊ. हा प्रोसेसर त्या भावाला कधी, कुठे आणि कुणी घेतला? १९८८ च्या आचारसंहितेत निदान एक ढोबळ नियम होता : जुनी किंमत दाखवायची तर मागच्या सहा महिन्यांत ती सलग २८ दिवस लावलेली असावी. पळवाटा त्यालाही होत्या. कुठल्यातरी आडगावच्या शाखेत महागात मांडून ठेवायचे आणि बारीक अक्षरांत तसे छापायचे. २०१६ च्या नव्या मार्गदर्शनात तो २८ दिवसांचा दंडकही गेला आणि एकूण परिस्थिती पाहून ठरवा, असे आले. भारतात खोक्यावर निदान एमआरपी छापलेली असते. ती फुगवलेली असेल, पण छापलेली असते आणि तिच्यावर एक रुपया घेतला तर भांडता येते. ब्रिटनने १९६४ च्या कायद्याने उत्पादकाने किंमत बांधून देण्याची प्रथाच मोडली. स्पर्धेसाठी ते चांगलेच झाले. पण तेव्हापासून रेघेखालची किंमत ही बहुतांशी दुकानदाराची स्मरणशक्ती आहे. व्हिच? या ग्राहकसंस्थेने ब्लॅक फ्रायडेच्या किमती वर्षभर तपासून वारंवार दाखवून दिले आहे की बहुतेक 'सवलती' एरवीही त्याच भावात किंवा त्याहून स्वस्तात मिळतात.

गंमत अशी की प्रोसेसर बनवणारे या बाबतीत आपल्यापेक्षा सरळ आहेत. त्याच पिढीतला सहा कोअरचा ५६००एक्स आणि आठ कोअरचा ५८००एक्स यांच्या आत एकाच जातीची आठ कोअरची चकती असते. एखादा कोअर सदोष निघाला की दोन बंद करतात आणि ती चकती सहा कोअरची म्हणून, सहाच्या भावात विकतात. एका नखाएवढ्या सिलिकॉनमधले दोष मोजून त्याप्रमाणे भाव लावणे कारखान्याला जमते. आपल्याला एक कागद वेळेवर काढणे जमत नाही.

अर्जदाराने तरुणपणी मुंबईत लॅमिंग्टन रोडवर कॉम्प्युटरचे सुटे भाग घेतले आहेत. पाटीवर नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, तोंडात लॅमिंग्टन रोड. तेथे भाव कुठेच लिहिलेला नसे. ट्रेमधला प्रोसेसर, खोक्यातला प्रोसेसर, बिलासकट, बिलाशिवाय, प्रत्येकाचा भाव वेगळा आणि सकाळचा संध्याकाळी नसे. लबाडी भरपूर होती, त्या रस्त्याची आरती ओवाळायचे कारण नाही. पण दुकानदाराने एकदा "घेऊन जा, इतक्याला" म्हटले की पैसे मोजताना तो आकडा वाढत नसे. वाढला असता तर शेजारच्या गाळ्यातले चौघे मजा बघायला जमले असते. आपल्याकडे भाव छापील, रंगीत, प्लास्टिकच्या पट्टीत बसवलेला, आणि त्याला तेवढी किंमत नाही.

छापलेला शब्द फिरवण्याची इथली परंपरा तशी जुनी आहे. १९९९ मध्ये आर्गोसच्या संकेतस्थळावर २९९ पौंडांचा सोनीचा टीव्ही तीन पौंडांना दिसला. लोकांनी मागणी नोंदवली, कंपनीने हात वर केले. २००२ च्या सुरुवातीला कोडॅकने ३२९ पौंडांचा कॅमेरा चुकून १०० पौंडांना लावला. आधी नाही म्हटले, पण खरेदीची पोच लोकांना आपोआप गेली होती, त्यामुळे शेवटी त्या भावात द्यावा लागला. आणि हूवर? १९९२ मध्ये १०० पौंडांची खरेदी करणाऱ्याला अमेरिकेची दोन परतीची विमान तिकिटे कबूल केली, लोक तुटून पडले आणि कंपनीला सुमारे पाच कोटी पौंडांचा खड्डा पडला. तिकीट मिळत नाही म्हणून कंब्रियातल्या वर्किंग्टनच्या एका गृहस्थाने वॉशिंग मशिन दुरुस्त करायला आलेली हूवरची व्हॅनच दारात अडकवून ठेवली होती. अर्जदाराकडे अडकवायला व्हॅन नव्हती. आपल्याकडे होते फक्त कुलूपबंद कपाट.

इतर बाबी थोडक्यात. खोक्यात पंखा येत नाही, हे लेबलावर नव्हते. शेजारच्या इंटेलच्या नावातल्या 'एफ'चा अर्थ त्यात ग्राफिक्स नाही असा होतो, हे विकणाऱ्याला माहीत नव्हते. संकेतस्थळावर "या शाखेत शिल्लक : १" असे झळकत होते, आणि तो एक मिळवण्यासाठीच अर्जदाराने शनिवार घालवला. थर्मल पेस्टचा भाव ऐकून हसू आले.

आणि काउंटरवरच्या मुलाने प्रोसेसरवर वाढीव वॉरंटी घेणार का, असे विचारले. पस्तीस पौंडांचा वाद चालू असताना!

महोदय, येथे अभिनंदन पुरे. पस्तीस पौंड ही आपल्या कंपनीला धूळ आहे. पण तासभर बसमध्ये बसून येऊन ते लेबल पाहणाऱ्या माणसांत नुकतीच नोकरी लागलेला पोरगा असतो, व्हिसाची फी भरून खिसा रिकामा झालेला विद्यार्थी असतो. काउंटरपर्यंत आलेला माणूस आता परत कशाला जाईल, भरेल जास्तीचे, हा हिशोब त्या लेबलामागे आहे आणि तो हलकट हिशोब आहे. चूक असती तर कधीतरी गिऱ्हाइकाच्या बाजूनेही झाली असती.

पण लेबल खिशात टाकताना आपला चेहरा कसा झाला होता तेही अर्जदाराने पाहिले. भाव आपण ठरवत नाही. तो मुख्य कार्यालयात ठरतो, रात्रीत बदलतो आणि सकाळी छापायचे कागद येतात. ते लावायला आणि काढायला एवढ्या मोठ्या दुकानात त्या दिवशी आपण, तो मुलगा आणि आणखी दोघे होतात. पाच पौंडांची सूट देण्याचाही अधिकार आपल्याला नसावा. या धंद्याचे पुढे काय होते तेही आपण जाणता. कॉमेटची शेवटची दुकाने १८ डिसेंबर २०१२ ला बंद झाली, नाताळच्या आठवडाभर आधी. सुमारे सात हजार नोकऱ्या गेल्या. सल्लामसलत न करता लोकांना काढले म्हणून लवादाने २०१४ मध्ये कामगारांच्या बाजूने निकाल दिला, पण दुकाने काही परत उघडली नाहीत. १९७२ मध्ये एसेक्समध्ये सुरू झालेले, सुटे भाग विकणारे मॅप्लिन २८ फेब्रुवारी २०१८ ला कोसळले. अडीच हजारांच्या आसपास माणसे. त्या दुकानांत शेवटची सवलतीची लेबले लावली ती आपल्यासारख्याच कुणीतरी, स्वतःची नोकरी संपेपर्यंत दिवसभर लावली. गर्दी तेव्हा तुफान होती. तेव्हा कुणी म्हटले नाही की लेबल जुने आहे.

म्हणून अर्जदाराची मागणी आपल्याकडे नसून आपल्या वरच्यांकडे आहे, आपण ती फक्त पुढे पाठवावी. लेबल आणि काउंटर यांच्या भावात फरक निघाला तर कमी भाव घ्यायचा, आणि त्यासाठी शाखेला वर फोन करावा लागू नये. भाव रात्री बदलणार असाल तर रात्री लेबले काढायला माणसे ठेवा आणि त्यांना रात्रीचा पगार द्या.

वाचकांसाठी : लेबलाला हात लागण्याआधी त्याचा फोटो काढा, तारखेसकट. इंग्लंड आणि वेल्समध्ये ट्रेडिंग स्टँडर्ड्सकडे ग्राहकाला थेट तक्रार नोंदवता येत नाही. ती सिटिझन्स अ‍ॅडव्हाइसच्या ग्राहक हेल्पलाइनकडे करावी लागते आणि तेथून ती पुढे जाते.

कळावे,
अर्जदार