एररची कृपा

सोसायटीत मला जो मान आहे तो शिक्षणामुळे नाही, स्वभावामुळे तर मुळीच नाही. तो संगणकाच्या तुसडेपणामुळे आहे. कुणाचं सॉफ्टवेअर इन्स्टॉल होईना की मला बोलावणं येतं. मी चष्मा कपाळावर सरकवून 'हं' म्हणतो. या 'हं'वर मी आजवर बराच चहा प्यायलो आहे.

दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी मुलं मार्गी लागल्यावर प्रोग्रॅमिंग शिकायला बसल्या. पहिल्याच संध्याकाळी पडद्यावर उमटलं, 'इज नॉट रेकग्नाइज्ड अ‍ॅज अ‍ॅन इंटर्नल ऑर एक्स्टर्नल कमांड'. खरं तर सगळं नीट इन्स्टॉल झालं होतं. इन्स्टॉलरच्या पहिल्या खिडकीत तळाशी 'पाथ'चा बारीकसा चौकोन होता, त्यावर टिक करायची राहिली होती. त्यामुळे प्रोग्रॅम डिस्कवर होता, पण कुठल्या फोल्डरात शोधायचा हे सिस्टिमला ठाऊक नव्हतं. मी इन्स्टॉलर पुन्हा चालवून टिक केली, 'हं' म्हटलं, चहा आला.

या तुसडेपणाचा मूळपुरुष म्हणजे 'एड'. केन थॉम्प्सन यांनी 1969 च्या सुमारास युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी लिहिलेला टेक्स्ट एडिटर. काहीही चुको, त्याचं उत्तर एकच: '?'. फाइल सापडली नाही, '?'. कमांड चुकली, '?'. प्रोग्रॅमर मंडळींत जुना विनोद आहे: थॉम्प्सननी म्हणे एक मोटार बनवली. तिच्यात पेट्रोलचा काटा नाही, वेगाचा नाही. काही बिघडलं की समोर भलंमोठं '?' पेटतं. मुरलेल्या ड्रायव्हरला काय ते कळतंच! पुढे एडमध्ये 'एच' दाबलं की खुलासा मिळायची सोय झाली. म्हणजे मागितल्याशिवाय द्यायचा नाही, एवढंच. 'अर्जात त्रुटी आहे' म्हणून कागद परत सरकवणारे खिडकीवरचे साहेब याच घराण्यातले. मला मात्र एड मनापासून आवडतो. 'एच' माहीत असलेला माणूस त्याच्यापुढे विद्वान दिसतो.

तर वहिनी. त्यांनी तो इंग्रजी संदेश दुधाच्या हिशेबाच्या वहीत स्वच्छ अक्षरात उतरवून ठेवला होता. खाली लिहिलं होतं, 'माझं काय चुकलं?' तो चहा काही घशाखाली उतरेना. चौकोन रिकामा आहे हे इन्स्टॉलरला कळत होतं की! शेवटी 'टिक राहिली आहे, अमुक करा' एवढी एक ओळ छापायला काय जात होतं? लिहिणाऱ्याच्या शेजारी एखाद्या वहिनींना अर्धा तास बसवलं असतं तरी पुरे होतं.

आता दिवस पालटलेत, आणि ते माझ्या मुळावर आलंय. 'फ्लटर' या अ‍ॅप बनवायच्या साधनातला तपासनीस 'फ्लटर डॉक्टर' काय बसवलेलं आहे त्यापुढे टिक करतो, नाही त्यापुढे फुली मारतो, आणि अँड्रॉइडची लायसन्सं स्वीकारायची राहिली असतील तर त्याची कमांडही सांगतो. पायथन या भाषेच्या 2021 मधल्या 3.10 आवृत्तीपासून कंस उघडा राहिला तर नेमका कुठला ते कळतं. नाव चुकलं तर 'तुम्हाला हे म्हणायचं होतं का?' अशी विचारणा होते. इतक्या अदबीनं माझ्याशी घरातही कुणी बोलत नाही.

परवा वहिनींनी पुढचं पॅकेज स्वतःच बसवलं. मला व्हॉट्सअ‍ॅपवर नुसता अंगठा आला. मीही जड अंतःकरणानं टाळ्या धाडल्या. सुदैवानं आमच्या सोसायटीत प्रिंटर पुष्कळ आहेत, आणि प्रिंटर बनवणाऱ्यांना ही सुबुद्धी अजून सुचलेली नाही.