ढोलकीवाल्याचं नाव काय?

गेल्या भाद्रपदात तळा गावाजवळच्या एका वाडीत शक्ती-तुऱ्याचा सामना पाहिला. चार दिवसांनी त्याची बातमी हाती आली. बातमीत अकरा नावं होती. उद्घाटक, प्रमुख पाहुणे, विशेष अतिथी, मंडपाचा खर्च देणारे, मंडपाला जागा देणारे. शेवटची ओळ होती, रसिकांचा उदंड प्रतिसाद लाभला. सामना कोणाकोणात झाला, प्रश्न काय पडला, उत्तर कुणी दिलं, ढोलकीवर कोण होतं, याबद्दल एक अक्षर नाही.

त्या रात्री मी साडेतीन तास त्या ढोलकीवाल्याच्या समोर बसलो होतो. त्याच्या बोटांना चिकटपट्टी गुंडाळलेली होती. तिसऱ्या गाण्यात बुवांचा आवाज बसला आणि ओळ मध्येच तुटली. ढोलकीवाल्याने ठेका सोडला नाही. दोन आवर्तनं जास्तीची वाजवली, तेवढ्यात बुवांनी पाण्याचा घोट घेतला, आणि गोलात नाचणाऱ्या एकाही पोराचं पाऊल चुकलं नाही. पुढे बसलेल्या म्हाताऱ्यांनी एकदम माना डोलावल्या. म्हणजे पाहिलं पुष्कळांनी. लिहिलं कुणीच नाही.

•

ज्यांनी जाखडी, म्हणजे हा शक्ती-तुऱ्याचा नाच, पाहिली नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात. मध्ये गाणारे बुवा, ढोलकी आणि झांज. भोवती नाचणाऱ्यांचा गोल, पायात चाळ. आधी गण, मग गवळण, मग खरी लढत. एक बाजू शक्तीची : तिच्या मते माया श्रेष्ठ. दुसरी तुऱ्याची : तिच्या मते शिव श्रेष्ठ. देशावर ज्याला कलगी-तुरा म्हणतात, त्याचंच हे कोकणातलं रूप. एकाने पुराणातला प्रश्न गाण्यातून टाकायचा, दुसऱ्याने गाण्यातूनच सोडवायचा. शेतातली कामं करणारी, मुंबईत नोकरी करून गणपतीला घरी येणारी माणसं प्रकृती आणि पुरुष यांच्यावर रात्रभर वाद घालतात, तेही ठेक्यात. असा खेळ आपल्या तालुक्यात होतो आणि त्याचं परीक्षण होत नाही, ही मला लाजिरवाणी गोष्ट वाटते.

याला बाहेरचे 'बाल्या नाच' म्हणतात. मुंबईत घरगडी म्हणून राहणाऱ्या कोकणी माणसांच्या कानात बाळ्या असत, त्यावरून त्यांना बाल्या म्हणू लागले आणि त्यांच्या नाचालाही तेच नाव चिकटलं. मालकाने गड्याला दिलेलं ते नाव आहे. आपण जाखडी म्हणावं.

•

खेळाबद्दल कुणी लिहिलं की काय होतं, याचं एक दूरचं उदाहरण. स्कॉटलंडमधल्या एडिनबर्गला 1947 साली मोठा आंतरराष्ट्रीय कला महोत्सव भरला. आठ नाटकमंडळ्यांना त्याचं बोलावणं नव्हतं. त्या तरीही गेल्या आणि मिळेल त्या जागेत खेळ लावले. एक प्रयोग तर शहरात झालाच नाही, खाडीपलीकडच्या डनफर्मलिनच्या जुन्या मठात झाला. पुढच्या वर्षी रॉबर्ट केम्प नावाच्या नाटककार-पत्रकाराने अधिकृत महोत्सवाच्या कडेला चाललेल्या या खेळांबद्दल लिहिलं, आणि 'फ्रिंज', म्हणजे कड, हे नाव रूढ झालं. आज कडेचा तो महोत्सव जगातला सर्वांत मोठा कला महोत्सव मानला जातो.

लक्षात घ्या, नाव पडलं ते कुणीतरी लिहिलं म्हणून. पुढे 1973 मध्ये तिथल्या 'द स्कॉट्समन' या वर्तमानपत्राने नव्या नाटकांसाठी 'फ्रिंज फर्स्ट' पुरस्कार सुरू केले. महोत्सव चालू असतानाच ते जाहीर होतात. वाचणाऱ्याला दुसऱ्या दिवशी तो खेळ गाठता येतो, आणि रिकाम्या खुर्च्यांपुढे खेळणाऱ्या मंडळीला प्रेक्षक मिळतो. परीक्षण वेळेवर आलं, तर त्याने खेळ जगतो. महिन्याने आलेलं परीक्षण मयताला दिलेल्या औषधासारखं.

आमच्या वाड्यांनाही कुणी बोलावत नाही. गणपती येतो आणि त्याच्यामागे खेळ येतात. खाडी आमच्याकडेही आहे. लिहिणारा तेवढा यायचा राहिला आहे.

•

'बहारदार', 'दर्जेदार', 'मंत्रमुग्ध', 'रसिकांची मने जिंकली'. हे चार शब्द वर्तमानपत्रांनी एक वर्ष बंद करावेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे. हे शब्द न पाहतासुद्धा लिहिता येतात, हाच त्यांचा दोष. तिसऱ्या गाण्यात दोन आवर्तनं वाढवली, हे लिहायला मात्र तिसऱ्या गाण्यापर्यंत बसावं लागतं.

•

मुंबईच्या गिरणगावात गेलेल्या कोकणी माणसाने गाठोड्यात तांदळाबरोबर ढोलकीही नेली. परळच्या दामोदर नाट्यगृहात नमन, जाखडी, शक्ती-तुऱ्याचे सामने वर्षानुवर्षं भरगर्दीत झाले. ना. म. जोशी यांनी 1911 मध्ये स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगचं हे नाट्यगृह. त्याने शंभरी पाहिली, आणि 2023 च्या अखेरीस नव्या बांधकामासाठी त्याचा पडदा पडला. तेव्हा सर्वांत जास्त कळवळले ते कोकणातले लोककलावंत, कारण परवडणारी आणि आपली वाटणारी ती जागा होती. त्या रंगमंचावर किती बुवा गाऊन गेले असतील! त्यांतल्या किती रात्रींचं कुणी चार ओळींत वर्णन करून ठेवलं? इमारत पुन्हा बांधता येते. न लिहिलेली रात्र परत उभी राहत नाही.

याच मुंबईत दुसरं उदाहरण आहे. 1974 पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात 'आविष्कार'ने प्रायोगिक नाटकं उभी केली. अरविंद देशपांडे, सुलभा देशपांडे, अरुण काकडे ही त्यामागची माणसं. सभागृह लहान, पैसा तुटपुंजा, प्रेक्षक मोजके. पण समीक्षक तिथे जात आणि लिहीत. माधव मनोहर आणि कमलाकर नाडकर्णी यांच्यासारख्यांच्या लेखणीची नाटकवाल्यांना धास्ती वाटे आणि ओढही वाटे. म्हणून आज पन्नास वर्षांनीही 'छबिलदास' म्हटलं की एक चळवळ डोळ्यांपुढे येते. शाळेचं सभागृह आणि वाडीचा मांडव यांत मला तरी फार अंतर दिसत नाही. अंतर पडलं ते लिहिणाऱ्यांमुळे.

•

"हौशी पोरं आहेत, त्यांना कशाला झोडायचं?" असं मला चांगली माणसं विचारतात. मी उलट विचारतो, पोरांना हौशी म्हणून सोडून देणारे तुम्ही कोण? आषाढात लावणी उरकली की ही पोरं रात्री तालमीला बसतात. दिवसभर चिखलात राबून अकरा वाजेपर्यंत पावलं घोटतात. त्यांना दया नको आहे. त्यांना हवंय कुणीतरी नीट पाहणारं.

आणि पोरं स्वतः काय करतात ते पाहा. सामन्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तळा स्टँडवर चहाच्या टपरीपाशी उभे राहा. इंदापूरकडे जाणारी एसटी लागेपर्यंत तुम्हाला महाराष्ट्रातलं सर्वांत निर्भीड परीक्षण ऐकायला मिळेल. कोणाचा गण रेंगाळला, कोणत्या बुवाने प्रश्नाला बगल दिली, कोणाची चाल सिनेमातून उचललेली, झांज कुठे मागे पडली, कोण गोलात नुसता हात हलवत होता. त्यात मुरवत नसते आणि द्वेषही नसतो. ज्याच्यावर बोलणं चाललंय तोही तिथेच चहा पीत उभा असतो, मान खाली घालून ऐकतो, आणि पुढच्या वेळी सुधारून येतो. एसटी सुटते आणि ते सगळं धुरळ्यात जातं. एवढंच कुणी वहीत उतरवलं तरी माझं काम झालं.

•

कठोर बोलण्याचा हक्क मात्र कमवावा लागतो. पुण्याच्या पुरुषोत्तम करंडकात 2022 साली परीक्षकांनी एकाही एकांकिकेला करंडकाच्या योग्यतेची मानलं नाही आणि करंडक राखून ठेवला. 1963 पासूनच्या त्या स्पर्धेतला हा निर्णय फार गाजला. पटला त्यांना पटला, नाही त्यांना नाही. पण ज्यांनी दिला ते समोर बसून प्रत्येक एकांकिका पाहून बोलत होते, आणि म्हणूनच त्यावर वाद घालता आला. अर्ध्यातून उठून गेलेल्याने दिलेली शाबासकीसुद्धा मी घेणार नाही.

•

म्हणून सामना पाहायला जाणाऱ्यासाठी माझे पाच नियम.

पहिला : शेवटपर्यंत बसा. रात्रीचा खरा निकाल उत्तरार्धात असतो, कारण उत्तरं तिथे येतात.

दुसरा : गोलाकडे पाहा. सगळ्यांची नजर बुवांवर खिळते आणि आठ जोडी पावलं कुणी बघत नाही. जाखडी म्हणजे जखडलेली साखळी, असं जुने लोक सांगतात. साखळीची एक कडी सैल झाली तर ती कळायला हवी.

तिसरा : प्रश्न लिहून घ्या, उत्तर लिहून घ्या. मग दोन्ही जुळतात का ते ताडून पाहा. पुराणातल्या प्रश्नाला पुराणातलं उत्तर मिळालं की समोरच्याच्या घरादारावर चिमटा काढून टाळ्या घेतल्या, हे सांगितलंच पाहिजे. अलीकडे काही सामन्यांत बायकांवरून पाचकळ ओळी ऐकू येतात. मागे बसलेल्या आयाबहिणी पदर तोंडाला लावून उठून जातात. ज्या बुवाला उत्तर येत नाही तोच त्या वाटेला जातो. हे छापून आलं तर पुढच्या वर्षी तो पोथी वाचून येईल.

चौथा : आवाजाबद्दल लिहा. बुवांच्या तोंडाशी माइक, ढोलकीला माइक, आता सोबत कीबोर्डलाही माइक. चाळ मात्र ऐकूच येत नाहीत. गोल नाचतोय आणि त्याचा आवाज मंडपात पोचत नाही, म्हणजे अर्धी जाखडी गेली. हा दोष नाचणाऱ्यांचा नाही. स्पीकर लावणाऱ्याला हे कुणीतरी सांगायला हवं.

पाचवा : मोबाइल खिशात ठेवा. हात वर करून चित्रण करणारा स्वतः पाहत नाही आणि मागच्यालाही पाहू देत नाही. शिवाय त्या चित्रणात बुवांचा चेहरा असतो, गोल नसतो.

•

आयोजकांना एकच मागणं. सत्कार आटोपशीर ठेवा. त्या रात्री शाली-श्रीफळांत पाऊण तास गेला. पुढे वेळ कमी पडला तेव्हा कात्री कशाला लागली? तुरेवाल्यांच्या शेवटच्या उत्तराला. ज्याच्यासाठी माणसं वाड्या-वाड्यांतून चिखल तुडवत आली होती, तेच अर्ध्यावर तोडलं. पाहुण्यांना मान द्यावा, तो आपला रिवाज आहे. पण त्यांना खाली पहिल्या रांगेत बसवून खेळ दाखवणं हाच त्यांचा सर्वांत मोठा मान. जो पाहुणा शेवटपर्यंत बसेल, त्याचं नाव मीही आनंदाने लिहीन.

•

आपल्याच तालुक्यात, मांदाडच्या खाडीजवळ, कुड्याची लेणी आहेत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचं काम. तिथल्या ब्राह्मी लेखांत महाभोज घराण्यातल्या मोठ्या माणसांची नावं आहेतच. पण त्यांच्याबरोबर फुलांच्या माळा करणाऱ्या माळ्याच्या घरच्याचं नाव आहे, लोखंडाच्या व्यापाऱ्याचं आहे, वैद्याच्या मुलाचं आहे. सत्ताधीशाचं नाव कोरणाऱ्या छिन्नीने माळ्याचंही नाव कोरलं, आणि त्यासाठी दगड कमी पडला नाही. म्हणून तो माळी आज आपल्याला ठाऊक आहे.

शाळेची सहल घेऊन त्या लेण्यांत गेलं की मुलांना हे मी दरवेळी दाखवतो. खडकात दिलदारी होती, कागदाला ती का जमू नये?

•

आता माझं स्वतःचं. नुसतं दुसऱ्यांना सांगून भागणार नाही. त्या रात्री खेळ संपल्यावर मी ढोलकीवाल्याजवळ गेलो. तो बोटांवरच्या पट्ट्या सोडत होता. "मस्त वाजवलंत, दादा," एवढं म्हणालो, हात जोडले आणि घरी आलो. नाव विचारलं नाही. आज हा मजकूर लिहिताना ती जागा रिकामी राहिली आहे, आणि ज्या बातमीवर मी रागावलो तिच्यात आणि माझ्या सदरात त्या एका बाबतीत काही फरक उरला नाही. ही चूक पुन्हा होणार नाही.

येत्या भाद्रपदात या जागेवर दर आठवड्याला एका सामन्याचं परीक्षण येईल. खेळ झाल्यावर पुढच्याच अंकात, म्हणजे त्याच मंडळाची पुढची बारी वाचकाला गाठता येईल. चांगलं झालं ते चांगलं का झालं आणि चुकलं ते नेमकं कुठे, दोन्ही येईल. तुम्ही पाहिलेला सामना तुम्हीही लिहून पाठवा, एका पानात. टपरीवर बोलता तसंच लिहा.

फक्त त्या पानावर आधी ढोलकीवाल्याचं नाव घाला, मग बाकीचं. मीही तिथूनच सुरुवात करणार आहे.