नेमस्पेसवाले काका

हिंजवडीतल्या बऱ्याच कंपन्यांत असा एक गृहस्थ असतोच. हुद्द्याने आर्किटेक्ट, वयाने चाळिशी ओलांडलेला, तोंडावर 'सर' आणि पाठीमागे 'काका'. एक्सएमएलमधून डेटा निघेनासा झाला की पोरं आधी गूगल करतात, मग एआयला विचारतात, मग एकमेकांवर ढकलतात आणि जेवणाच्या सुट्टीआधी नाइलाजाने काकांना बोलावतात.

काका खुर्चीत बसत नाहीत. मागे उभे राहतात. "एरर काय येतीय?"

"एररच नाही ना सर. रिकामी लिस्ट येतीय. फाइलमध्ये इन्व्हॉइस आहे, क्वेरीतही इन्व्हॉइसच लिहिलंय."

हे ऐकून काकांचा चेहरा जेवढा खुलतो, तेवढा पगारवाढीच्या पत्रानेही खुलत नाही. "वर जा. अजून वर. मूळ टॅगवर. काय दिसतंय?"

तिथे एक्सएमएलएनएस बसलेलं असतं, वेबसाइटच्या पत्त्याचा आव आणून.

"हे घराण्याचं आडनाव. खालच्या सगळ्या लेकरांना आपोआप लागतं. तू नुसत्या नावाने हाक मारतोयस. एक्सपाथला वाटतं, बिनआडनावाचा कुणी हवाय. तसा कुणी नाही, म्हणून लिस्ट रिकामी. त्याचं काय चुकलं?"

मशीनची बाजू घेऊन माणसाला झापण्यात काकांचा हात कुणी धरणार नाही. एखादी धीट मुलगी म्हणते, "सर, पायथन 3.8 पासून महिरपी कंसात स्टार टाकला की कुठलंही नेमस्पेस चालतं."

"चालतं," काका म्हणतात. "चालायला काय, काहीही चालतं."

त्यांचा खरा राग मात्र 'इफ'वर. एलिमेंट-ट्रीमध्ये टॅग सापडला, आत मजकूरही आहे, पण पोटात उपटॅग नाही, की नुसतं 'इफ' त्याला खोटा ठरवतं. पोरं सापडलेला टॅग हरवला म्हणून बोंब मारतात. "इज नॉट नन लिहा रे!" असं काका वर्षानुवर्षं ओरडत होते. 3.12 आवृत्तीपासून पायथन स्वतःच ताकीद देऊ लागलं, तेव्हा त्यांनी अख्ख्या टीमला चहा पाजला. (पाजला म्हणजे, मशीनचा. फुकटच असतो तो.)

परवा मात्र क्वेरीपर्यंत पोचायचीच वेळ आली नाही. अकाउंट्सच्या सॉफ्टवेअरमधून आलेल्या फाइलवर पार्सरच कोसळला. काकांनी ओळ शोधली: अँपरसँड, हॅश, चार, अर्धविराम. एक्सएमएल 1.0 मध्ये हे कंट्रोल कॅरेक्टर असं लिहूनसुद्धा चालत नाही. नेमस्पेसचा काही संबंध नाही म्हणताना काका जरा हिरमुसले, पण लगेच सावरले. "ही फाइल एक्सएमएलच नाही!" असं जाहीर करून त्यांनी अकाउंट्सला लांबलचक मेल धाडला. त्यात 1998 सालचं मूळ प्रमाण, कुठली अक्षरं चालतात त्याचा नियम आणि शेवटी तीन सूचना.

अकाउंट्सच्या मॅडमचं उत्तर पाच मिनिटांत आलं.

"सर, एक्सेलमध्ये पाठवू का?"