दर्यामामा

परभणीहून समुद्र बघायचा तर देवगिरी एक्स्प्रेसमध्ये रात्र काढून मुंबई गाठावी लागते. पण 'जगात जर्मनी, भारतात परभणी' म्हणणाऱ्या गावाला स्वतःचा दर्यावर्दी नसावा, हे ब्रह्मदेवालाही पटलं नसावं. त्याने दर्यामामा घडवले.

मामा फोटो काढणार तो शिडाच्या होडीचाच, आणि तोही कृष्णधवल. रंगीत फोटो म्हणजे त्यांच्या लेखी लग्नाचा अल्बम. उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा 'इंदू' रोल बाजारातून गेला, तेव्हा मामांनी सुतक पाळलं होतं. लेन्सला लाल फिल्टर लावला की निळं आकाश काळं पडतं आणि पांढरं शीड उठून दिसतं, हे ते चहावाल्यालाही समजावतात. "पण हा फिल्टर उजेड लई खातो," असं ते हळहळले, की तो बिचारा बिस्किटाचा पुडा पुढे करतो.

एकदा मामा थाटात हर्णैला गेले. समोर सुवर्णदुर्ग, बंदरात होड्यांची ही दाटी, पण शीड औषधालाही नाही. सगळ्या इंजिनावर. एका तांडेलाकडे शिडाची चौकशी केली, तर त्याने डिझेलचा भाव ऐकवला.

तेव्हापासून मामांनी जिंतूरची वाट धरली. पूर्णा नदीवरच्या येलदरीच्या धरणावर पल्याडचा काठ दिसणार नाही असा कोन हेरला. भोयाच्या थर्माकोलच्या तराफ्यावर बांबू रोवला आणि मामींची चादर ताणून बांधली.

"मालक, जाळं टाकू का पाठ टाकू?" भोयाने विचारलं.

चादरीवर लाल फुलं होती. मामा निर्धास्त. लाल फिल्टरमधून लाल रंग पांढराच उमटतो. फोटोत खरंच एकही फूल दिसलं नाही. चादर मात्र मरळीचा वास घेऊन घरी आली. "ह्या वासाला कोणता फिल्टर लावू?" मामींनी विचारलं. याचं उत्तर फोटोग्राफीच्या कुठल्याच पुस्तकात नाही.

तो फोटो आता बैठकीत टांगलाय. खाली 'अरबी समुद्र' असं लिहिलेलं. रंग काढून घेतल्यावर पूर्णेचं गढूळ पाणी काय आणि अरबी समुद्र काय, दोन्ही करडेच. परवा कृषी विद्यापीठातले एक मालवणचे प्राध्यापक चहाला आले. फोटोसमोर बराच वेळ थबकले.

"वा! ही भरती का ओहोटी हो?"

मामा खाकरले. तेवढ्यात आतून मामी म्हणाल्या, "ओहोटी. खाली सिद्धेश्वर धरणाला पाणी सोडलं होतं ना त्या दिवशी!"