मुद्दा खोडा, माणूस नको

आपल्याशी कुणाचं पटलं नाही की आपण त्याचा मुद्दा तपासत नाही, त्याचा खिसा तपासतो. सोसायटीच्या सभेत पुनर्विकासाला ‘नाही’ म्हणणारा दुसऱ्या बिल्डरचा माणूस, ‘हो’ म्हणणारा याच बिल्डरचा. कार्पेट एरिया किती, भाडं किती महिने मिळणार, बँक गॅरंटी कुठे आहे, हे प्रश्न बाजूलाच राहतात. आपलं मत विचार करून बनलेलं असतं, त्याचं विकत घेतलेलं, असा आपला ठाम समज. राजकारणात तर यावर जातही चिकटते: आडनाव कळलं की मत कळलं!

याच महाराष्ट्रात 1875 साली काय घडलं होतं पाहा. दयानंद सरस्वती पुण्यात व्याख्यानं द्यायला आले. न्यायमूर्ती रानडे आणि त्यांच्या मित्रांनी त्यांची मिरवणूक काढायचं ठरवलं. सनातन्यांनी उत्तरादाखल गाढवाची मिरवणूक काढली, ‘गर्दभानंद’ म्हणून. चिखलफेक झाली, ती शब्दशः.

त्या दिवशी दयानंदांच्या संरक्षणाला आपली माणसं घेऊन जोतीराव फुले उभे राहिले. दयानंद वेदांना प्रमाण मानत, फुल्यांना वेदांचं प्रामाण्यच मान्य नव्हतं. रानड्यांच्या सुधारणेच्या वाटेशीही त्यांचं जमत नव्हतं. दहा वर्षांनी, 1885 मध्ये, रानड्यांनी ग्रंथकार सभेचं निमंत्रण धाडलं तेव्हा फुल्यांनी पत्र लिहून ते नाकारलं. पत्रात भीडभाड नाही, गोडवा नाही. शूद्रातिशूद्रांचे हक्क जे मान्य करत नाहीत त्यांच्या सभेत आमचं काम काय, हा त्यांचा रोकडा सवाल होता.

म्हणजे फुले मवाळ नव्हते. मतभेद गिळून गोड बोलणं त्यांनी कधी केलं नाही. पण ज्याचं म्हणणं पटत नाही त्यालाही रस्त्यावरून सुखरूप चालता आलं पाहिजे, हे त्यांनी स्वतः रस्त्यावर उतरून दाखवलं. जहाल मत आणि विरोधकाची राखण एकाच माणसाला जमते. आपण मात्र उलटं करतो: मुद्द्यावर गुळमुळीत, माणसावर तुटून पडणारे.

स्वार्थापोटी बोलणारे लोक असतात, पैसे घेऊन बोलणारेही असतात. पण पैसे घेऊन मांडलेला हिशेबसुद्धा बरोबर असू शकतो आणि प्रामाणिक माणसाचाही चुकू शकतो. म्हणून हिशेबच तपासावा लागतो.

पुढच्या सभेत एवढं करा. विरोधकाचं म्हणणं आधी त्याला मान्य होईल अशा शब्दांत मांडून दाखवा. मग खुशाल खोडा. ते मांडता येत नसेल, तर तुम्ही त्याला विरोध केलेलाच नाही, फक्त शिवी दिली आहे.