फंडाचे पैसे आणि पाण्याची रेघ

शेजारच्या आक्कांच्या मालकांना फंडाचे पैसे मिळाले, ही बातमी गल्लीत आधी दूधवाल्याला कळली, मग दोन एजंटांना आणि सगळ्यात शेवटी मला. भिंतीला भिंत लावून राहायचं आणि बातमी दूधवाल्याकडनं ऐकायची, म्हणजे काय? म्हणून दुसऱ्या दिवशी आक्का कंपाउंडवर सांडग्यांचं ताट ठेवायला आल्या, तेव्हा मी मुद्दामच कुंड्यांना पाणी घालत उभी राहिले.

"कळलं असंल की तुम्हाला," आक्काच म्हणाल्या. "फ्लॅट घ्यावा म्हंतोय."

"राहायला?"

"राहायला कशाला? भाड्यानं द्यायला. मालक म्हंत्यात, बँकेत ठेवून नुसतं व्याज किती खायचं? फ्लॅट घेतला की भाडं बी येतंय आन् किंमत बी वाढतीया."

"मग कुठं बघालाय?"

"एजंट शेंडा पार्क, शेंडा पार्क म्हणून डोकं खायलाय. हायकोर्ट येणार न्हवं तिकडं."

तर हे हायकोर्ट. वकिलांनी कित्येक वर्षं आंदोलनं केली, उपोषणं केली, आणि 18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसायला लागलं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग अशा सहा जिल्ह्यांचं काम आता इथं चालतं. चांगलंच झालं. सावंतवाडीच्या माणसाला एका तारखेसाठी मुंबई गाठायला लागायची. पण कायमच्या इमारतीला शेंडा पार्कात जागा द्यायची ठरली, तेवढ्या भांडवलावर आपल्या एजंट मंडळींनी तिथनं आर. के. नगरच्या टेकडीपर्यंत सगळ्या जागा 'हायकोर्टाजवळ' नेऊन ठेवल्या. कोर्ट मात्र बसतंय सीपीआर दवाखान्यासमोरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत.

"आक्का, शेंडा पार्कात इमारत उभी राहीपर्यंत तुमच्या फ्लॅटात कोण राहणार? तिथले गवंडी?"

"वकील राहतील की."

"बाहेरगावचा वकील तारखेला येतो, लॉजवर अंघोळ करतो, दुपारी काम उरकतो आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जातो. मोठे असतील ते जागा विकत घेतील. भाड्यानं राहणार तो त्यांचा ज्युनिअर, नाहीतर कोर्टातला कारकून, स्टेनो. त्याला सकाळी चालत किंवा केएमटीच्या बसनं कोर्टात पोचायचंय. तो आज टेकडीवर कशाला जाईल?"

आक्कांनी ताटातला एक सांडगा उलटा केला. बोलणं पटलं की त्या असं काहीतरी करतात. तोंडानं कबूल करायची पद्धत त्यांच्यात नाही.

"म्हणूनच परवा कोर्टाजवळचा एक बघून आलो," त्या हळूच म्हणाल्या. "तळमजला. दर तर इतका कमी की मालकांनी तिथंच टोकन द्यायला खिशात हात घातला होता."

"मग?"

"मग काय! आत गेलो, तर बटणं सगळी हितं." आक्कांनी हात डोक्याच्या वर धरला. "लाइटची बटणं, प्लग, सगळं. मी म्हटलं, आधी काय पैलवान राहत होते काय ओ? तर एजंट म्हंतोय, लहान पोरांचा हात जाऊ नये म्हणून केलंय. म्हटलं बरं. मग मीटरच्या खोलीत गेलो. सगळ्या बिल्डिंगीला नवा रंग, पण मीटरच्या खोलीचं दार आतनं तसंच. त्याच्यावर मातकट रेघ. माझ्या खांद्याला लागत होती बघा."

अशी रेघ कोल्हापूरकराला समजावून सांगायला लागत नाही. आपल्याकडं पाऊस मिलीमीटरात कुणी मोजत नाही, राजाराम बंधाऱ्यावरच्या फुटांत मोजतात. 39 फुटांना इशारा, 43 ला धोका, हे शाळेतल्या पोराला पाठ असतं. 2019 ला पाणी 55 फुटांवर गेलं तेव्हा सगळे म्हणाले, असलं पाणी जन्मात परत नाही. दोनच वर्षांनी, 2021 ला, ते 56 च्या वर गेलं. व्हीनस कॉर्नरला होड्या फिरल्या, शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीत गणपती भिजले, दुधाळी, सुतारवाडा, रमणमळा, नागाळा पार्कचा खालचा भाग, सगळीकडं तेच. गंमत अशी की नदी लांब दिसते म्हणून माणूस निर्धास्त राहतो आणि पाणी येतं जयंती नाल्यातनं, उलटं. नकाशावर पूररेषा आखलेल्या असतात, निळी आणि लाल. निळी म्हणजे सरासरी पंचवीस वर्षांतनं एकदा येईल असं पाणी आणि लाल म्हणजे शंभर वर्षांतनं एकदा. आता शंभर वर्षांचं पाणी दोन वर्षांत दोनदा आल्यावर त्या हिशेबावर कोण किती विसंबणार? मी तरी फ्लॅट असेल त्या गल्लीतल्या किराणा दुकानदाराला विचारीन: 2021 ला तुमची साखर कुठल्या फळीवर होती?

"पण भाड्यानंच द्यायचाय न्हवं," आक्का म्हणाल्या. "आपण कुटं राहणार हाय तिथं?"

"भाडेकरू दर जुलैला बंधाऱ्याची पातळी बघत बसतो आक्का. एकदा त्याचा फ्रिज तरंगला की तो जातो, आणि पुढचा येताना तुमच्यासारखाच मीटरच्या खोलीत जाऊन बघतो. आणि उद्या विकायचा म्हटला तर?"

मग टेकडीचा विषय निघाला. पाचगाव, मोरेवाडी, आर. के. नगर. तिथं पूर येणार नाही, येऊच शकत नाही. पण खाली पाण्यानं बुडवलं, तर वर पाणी चढायची मारामार. उन्हाळ्यात टँकरची वाट बघायची. काळम्मावाडीच्या थेट पाइपलाइनचं पाणी 2023 च्या दिवाळीत शहरात आलं खरं, पण शहरात. आणि शहर म्हणजे कुठवर? 1972 ला नगरपालिकेची महापालिका झाली, तेव्हाची हद्द आजतागायत तिथंच आहे. हद्दवाढ म्हटली की गावं घरफाळ्याच्या भीतीनं रस्त्यावर उतरतात. त्यामुळं रस्त्याच्या अलीकडं महापालिका, पलीकडं ग्रामपंचायत, आणि 2017 पासून आसपासच्या 42 गावांवर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण. तिकडं घेणार असाल तर बांधकाम परवाना त्या प्राधिकरणाचा आहे का, तो कागद बघायचा. 'सरपंचाला विचारलंय' हा काही परवाना नव्हे.

"पोरगं म्हंतंय, पुण्याला घे. हिंजवडीत भाडं बक्कळ," आक्का म्हणाल्या.

"मग?"

"मग काय, नळ गळला की फोन मला येणार. वंदे भारतातनं पाना पाठवू काय? ती बी आठवड्यातनं तीनदाच जातीया."

पुण्याचा निकाल असा एका वाक्यात लागला.

मी आत जाऊन कालनिर्णयचं मागच्या महिन्याचं पान आणि पेन्सिल घेऊन आले. आकड्यांशिवाय आक्का ऐकत नाहीत. चाळीस वर्षं भिशी चालवलीय त्यांनी. समजा 45 लाखांचा फ्लॅट. मुद्रांक शुल्क सहा टक्क्यांनी 2 लाख 70 हजार, वर 30 हजार नोंदणी. म्हणजे पडला 48 लाखांना, एजंट सोडून. भाडं मिळालं महिना 12 हजार, वर्षाचे 1 लाख 44 हजार. त्यातनं एक महिना रिकामा गेला, 12 हजार. सोसायटीचा मेंटेनन्स दीड हजारानं 18 हजार. घरफाळा आणि किरकोळ दुरुस्ती मिळून 6 हजार धरू, तेही हात आखडून. राहिले 1 लाख 8 हजार. 48 लाखांवर सव्वादोन टक्के. तेच बँकेत सहा टक्क्यांनी 2 लाख 88 हजार.

आक्का पानाकडं बघत राहिल्या. "रंगाचं धरलं नाहीसा," म्हणाल्या.

"नाही धरलं."

"पण किंमत वाढतीया की."

"वाढते. पण ती विकल्यावर हातात येते. आक्का, तुम्ही आजवर काय विकलंय? मालकांची कॉलेजातली सायकल अजून माळ्यावर आहे."

यावर त्या हसल्या आणि आपल्या भाच्याची गोष्ट काढली. भाच्याची उचगावच्या बाजूला वडिलोपार्जित जागा. त्यानं तिथं फ्लॅट बांधला नाही, सहा खोल्या काढल्या. एका ओळीत, वर पत्रा, मागं दोन न्हाण्या, दाराशी नळ. खोलीला तीन हजार. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांत कामाला आलेली उत्तर प्रदेश, बिहारची पोरं राहतात, एक गेला की दुसरा त्याच्याच गावचा येतो. महिना 18 हजार, आणि बांधायला फ्लॅटच्या चौथाईसुद्धा खर्च आला नाही. पण रात्री अकराला मोटर बंद पडली की भाचा बॅटरी घेऊन तिथं हजर असतो, हेही आक्कांनीच सांगितलं. तो धंदा करतोय. आक्कांच्या मालकांना संध्याकाळी रंकाळ्यावर फिरायला जायचं असतं.

आणि नवी जागा घेऊन खोल्या काढायच्या म्हटल्या तर सातबारा नीट वाचायला लागतो. भोगवटादार वर्ग 1 आहे की वर्ग 2? आपल्या जिल्ह्यात देवस्थान इनामाच्या जमिनी मोप आहेत. दर ऐकून माणूस हुरळतो आणि मग कळतं की जमिनीचा मालक साक्षात देव आहे, आणि देव काही खरेदीखतावर सही करायला येत नाही.

"बरं, भाडेकरू कसला बघावा?" आक्कांनी मुद्द्याला हात घातला. "मागं समोरच्यांनी ठेवलंवतं त्यांचं काय झालं, म्हायतीच हाय."

समोरच्यांनी पाटी लावली होती: 'फक्त शाकाहारी, फक्त फॅमिली.' कोल्हापुरात! बुधवार-रविवारी अख्खं गाव मटणाच्या दुकानासमोर रांगेत असतं, तिथं ही अट घातली. सात महिने कुलूप राहिलं. आणि पाटीवर न लिहिलेली अट वेगळीच. आलेल्याचं नोकरीचं विचारायच्या आधी ते आडनाव विचारायचे. आडनाव पसंत पडलं नाही की 'जागा कालच गेली.' मला विचाराल तर सात महिन्यांचं भाडं बुडालं ते कमीच बुडालं.

आमच्या राजारामपुरीत विद्यापीठाची पोरं-पोरी राहतात, क्लासवाली राहतात, स्पर्धा परीक्षेची तर अभ्यासिकेच्या आसपासच घुटमळतात. सीपीआरकडं मेडिकलची मुलं, नर्सा. या मंडळींना हॉल नको, बाल्कनी नको. एक खोली, स्वच्छ संडास, चोवीस तास पाणी, वायफाय आणि मेस जवळ. तीन खोल्यांचा मोठा फ्लॅट घेऊन भाडेकरूची वाट बघण्यापेक्षा एका खोलीचा घ्यावा, जुना असला तरी चालेल, पण चालत्या रस्त्यावरचा, असं माझं मत. आक्कांना ते आवडलं नाही. लिफ्ट असलेलाच फ्लॅट त्यांना हवाय. कोण राहणार आहे त्यात, असं मी परत विचारलं.

"करार अकरा महिन्यांचा करायचा, नोटरी करून," त्या विषय बदलत म्हणाल्या.

"नोटरीनं भागत नाही. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यात कलम 55 आहे. लिव्ह अँड लायसन्स लेखी पाहिजे आणि नोंदवलेलंच पाहिजे, अकरा महिने असो की अकरा दिवस. न नोंदवणं हा घरमालकाचा गुन्हा. तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. आणि नोंदवला नाही, तर अटी काय ठरल्या होत्या यात भाडेकरू सांगेल ते आधी खरं धरतात. खोटं असेल तर तुम्ही सिद्ध करत बसायचं."

"अगं बाई!"

"नोंदवला, तर मुदत संपली की जागा सोडायला लागते. नाही सोडली, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडं अर्ज करायचा. तोवर दुप्पट पैसे द्यायला लागतात भाडेकरूला."

आक्कांना हे माहीत नसणं साहजिक होतं. त्यांच्या डोक्यात मंगळवार पेठेतला माहेरचा वाडा बसलेला. तिथले भाडेकरू 1947 च्या कायद्यातले. भाडं महिना पंचवीस रुपये, आणि पावसाळ्यात कौलं चाळायला वडिलांनी वर्षाला तीनशे घालायचे. नव्या कायद्यानं जुन्या भाड्यात वर्षाला 4 टक्के वाढ करायची मुभा दिली. पंचविसाचे सव्वीस झाले! वडिलांनी तो वाढीव रुपया भाडेकरूच्या पोरीच्या हातात लिमलेटच्या गोळ्यांना ठेवला आणि 'आपल्यात पुन्हा भाडेकरू नको' म्हणून सांगितलं.

"ते कूळ वेगळं, हा करार वेगळा," मी म्हटलं. "आणि हो, खरेदी कुणाच्या नावानं करणार?"

"मालकांच्या. त्यांचाच फंड हाय न्हवं."

"राहायची जागा बाईच्या नावानं घेतली, तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत आहे. 45 लाखांवर 45 हजार झाले. पण एकटीच्या नावानं. जोडीला मालकांचं नाव लावलं तर नाही."

आक्कांनी सांडग्यांचं ताट उचललं, परत ठेवलं, आणि दाराकडं तोंड करून आवाज दिला, "ओ! ऐकलासा काय? सरकारनंच सांगिटलंय, एकटीच्या नावावर घ्या म्हणून!" मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "कुटला घ्यायचा ते मागनं बघू. नाव माझं लागणार, एवढं ठरलं."

आतनं मालक काही बोलले नाहीत. टीव्हीचा आवाज तेवढा वाढला.