उंदीर पकडण्याची सोपी रीत (नवशिक्यांसाठी)

साहित्य : एक बादली, कोल्ड्रिंकची एक लिटरची रिकामी बाटली, कपड्यांच्या हँगरची तार, क्रिकेटचा एक स्टंप, चमचाभर शेंगदाण्याचं कूट, थोडा गूळ. यातलं काहीही विकत आणावं लागत नाही. फक्त यातलं काहीही तुमचं नसतं.

बादली मिळवणं हा सर्वांत अवघड टप्पा. आंघोळीची मागितलीत तर घरचे म्हणतील, "मग आम्ही आंघोळ कशात करायची?" लादी पुसायची मागितलीत तर, "मावशींना विचारा, त्यांना चालतंय का." अशा वेळी वाद घालू नये. "काल तो तांदळाच्या डब्यावर बसला होता," एवढंच शांतपणे म्हणावं. बादली मिळते. घरातला छोटा उंदीर फूटभर उंच उडी मारू शकतो, म्हणून ती त्याहून खोल आणि आतून गुळगुळीत हवी. आतून तेलाचा हात फिरवावा. कोणतं तेल वापरलं, याची वाच्यता करू नये.

आता कृती. बाटलीच्या झाकणाला आणि बुडाला बरोबर मधोमध तापवलेल्या खिळ्याने भोक पाडा. खिळा सांडशीत धरा आणि सांडशी कुणाच्या लक्षात येण्याआधी जागेवर ठेवा. तार सरळ करून बाटलीतून आरपार ओवा, बादलीच्या तोंडावर आडवी टाका आणि तिची टोकं वाकवून कडीच्या भोकांत अडकवा. बाटली बोटाने ढकलून पाहा. गरगर फिरली पाहिजे. अडखळली तर भोकं मोठी करा. बाटलीच्या मध्यावर, सगळ्या बाजूंनी, कूट-गुळाचा लगदा थापा. टोकाला थापलात तर पाहुणा काठावर उभ्यानेच जेवून निघून जाईल. चीज लावू नका. ते कार्टूनमधल्या उंदरांना लागतं. आपल्याकडच्याला दाणे आणि गोड पुरतं. शेवटी स्टंप बादलीला तिरका टेकवा, वरचं टोक बाटलीच्या टोकाशी आणा. उंदीर स्टंपवरून चढतो, बाटलीवर पाय ठेवतो, बाटली फिरते, तो आत. रविवारी मॅच असेल तर शनिवारपर्यंत उरका.

बादली भिंतीला लागूनच ठेवा. उंदीर मिशा भिंतीला घासत कडेकडेने जातो, खोलीच्या मध्यात शोभेसाठी ठेवलेल्या वस्तूंत त्याला रस नसतो. घुशीसाठी मात्र हा खटाटोप नको. ती नव्या वस्तूकडे संशयाने बघते आणि स्टंपसकट बादली आडवी करण्याइतकी दांडगी असते. चिचुंद्री दिसली तर जाऊ द्या. ती झुरळं खाते, म्हणजे घरात काम करणारी तीच एकटी.

बादलीत पाणी घालू नये. बुडवून मारणं हे क्रूर, शिवाय घरात आजी असेल तर गणपतीच्या वाहनाचा विषय निघतो आणि दुपारपर्यंत संपत नाही. तळाशी कागदाचे कपटे आणि चार दाणे टाका.

पहाटे खडखड ऐकू येईल. इथे बहुतेक मार्गदर्शक थांबतात, आणि खरी अडचण इथूनच सुरू होते. बादलीत जिवंत उंदीर आहे, घरातले सगळे पलंगावर उभे आहेत, आणि पुढचं काम एकमताने तुमचं आहे. हातमोजे घाला, त्याच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू पसरू शकतात. बादली नंतर साबणाने घासा, आणि ती पुन्हा आंघोळीला वापरायचा हट्ट धरू नका. पेन्सिल जाईल एवढ्या भोकातून तो घरात शिरतो, म्हणून सिंकखालची भोकं तारेची घासणी कोंबून आजच बुजवा.

उंदीर जिन्याखाली सोडलात तर तुम्ही लिफ्टची वाट बघेपर्यंत तो घरी पोचलेला असेल. लांब जा. बादलीवर ताट झाका, ताटावर टॉवेल टाका. वाटेत पलीकडच्या सोसायटीतले काका भेटतील, त्यांच्याही हातात टॉवेल टाकलेली बादली असेल आणि ते तुमच्या इमारतीच्या दिशेने येत असतील. "मॉर्निंग वॉक?" असं विचारावं. तेही हो म्हणतील.